संत्र्याचं पान आणि अल्फा : प्रस्तावना

नागपूर-पुण्यातल्या कुठल्याही नव्या गृहप्रकल्पाची जाहिरात उघडून बघा. पाया अजून खणायचा असतो, पण चित्रात इमारत उभी असते, आकाश निळंभोर असतं आणि फाटकाशी एक डेरेदार झाड असतं. ते झाड जरा निरखून पाहिलं तर बऱ्याचदा मॅपलचं निघतं, नाहीतर बर्चचं. विदर्भाच्या मे महिन्यात ज्याचा निभाव लागणार नाही, ते झाड आपल्या चित्रांत बाराही महिने हिरवंगार उभं असतं.

यात चित्र करणाऱ्याची बेपर्वाई नसते. त्याला चार दिवसांत काम हातावेगळं करायचं असतं. तयार मॉडेलांच्या लायब्ररीत जे सापडेल ते तो उचलतो, आणि या लायब्रऱ्या ज्या देशांत तयार झाल्या तिथलीच झाडं त्यांत भरलेली आहेत. संत्रा, मोह, पळस शोधायला जावं तर हाती फारसं काही लागत नाही. मला हे मनापासून खटकतं. ज्या मुलखाची ओळख संत्र्याच्या बागांनी होते, त्याचं त्रिमितीय चित्र संत्र्याशिवाय निघावं, हे आपण चालवून घेऊ नये. आणि हे बदलायला लागतं तरी काय? मोठा संगणक नको, महागडं सॉफ्टवेअर नको. लागतो तो एक काळा-पांढरा नकाशा आणि तो नीट बनवण्याची समज. कुणी त्याला ओपॅसिटी मॅप म्हणतं, कुणी ट्रान्सपरन्सी मॅप, कुणी नुसतं अल्फा. हे पुस्तक त्या नकाशाबद्दल आहे.

लिहिताना डोळ्यांपुढे सौंसर आणि पांढुर्ण्याची मुलं होती. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेररचना झाली तेव्हा विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि हा मराठी बोलणारा पट्टा मध्य प्रदेशातच राहिला. पुढे छिंदवाडा जिल्ह्यातून काढून २०२३ मध्ये पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला, सौंसर त्यात आलं. इथल्या मुलाच्या घरात मराठी असते, शाळेत बहुतेक हिंदी आणि सॉफ्टवेअरच्या मेन्यूत इंग्रजी. व्हिडिओ बघून तो बटणं शिकतो, पण ते बटण का दाबायचं हे त्याला त्याच्या भाषेत कुणी सांगितलेलं नसतं. म्हणून या पुस्तकात बटणं कमी आणि कारणं जास्त आहेत. बटणांच्या जागा दर आवृत्तीत बदलतात. कारणं मात्र गेली चाळीसहून अधिक वर्षं तीच आहेत.

आधी गरज कुठून निर्माण होते ते पाहू. संत्र्याची बाग साधारण सहा मीटर बाय सहा मीटरवर लावतात, म्हणजे एकरी सुमारे ११० झाडं. हिशेबापुरती एका झाडावर वीस हजार पानं धरू. संगणकातला आकार त्रिकोणांचा बनतो, आणि एकेक पान वळणासकट, कडेसकट नीट घडवायचं तर साठ त्रिकोण सहज लागतात. एका झाडाला बारा लाख त्रिकोण झाले आणि एकराला तेरा कोटींच्या वर. घरातला संगणक इथेच हात टेकतो. आता दुसरी रीत. दहा पानांच्या एका डहाळीचा फोटो घ्या आणि तो एका साध्या चौकोनावर लावा. चौकोन म्हणजे दोन त्रिकोण. पानं नाहीत तेवढा भाग अदृश्य करा. असे दोन हजार चौकोन फांद्यांवर बसवले की झाडाचा सगळा पाला चार हजार त्रिकोणांत मावतो आणि एकराची बाग साडेचार लाखांच्या आत. तेरा कोटी आणि साडेचार लाख यांमधलं अंतर एका करड्या चित्राने भरून काढलेलं असतं. पांढरा असेल तिथे वस्तू आहे, काळा असेल तिथे नाही, आणि मधल्या करड्या छटा म्हणजे थोडी आहे, थोडी नाही.

हा शोध लागला कसा, हे सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. सिनेमावाल्यांना झाकपाकीची विद्या आधीपासून येत होती. मूकपटांच्या काळात भिंगापुढे काळा पुठ्ठा धरून फिल्मचा काही भाग कोरा ठेवत, मग फिल्म मागे गुंडाळून त्या कोऱ्या भागात दुसरं दृश्य टिपत. आपल्याकडे तर याहून जुनी गोष्ट आहे. सिंधुदुर्गात कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर कलावंत चामड्याच्या बाहुल्यांचा सावल्यांचा खेळ करत आले आहेत. त्यांच्यातल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. अशा बाहुलीत जिथे छिद्र पाडलेलं असतं तिथून उजेड सरळ पार जातो, जिथे चामडं पातळ आहे तिथून रंगून जातो आणि जाड चामड्याशी अडतो. कुठून किती उजेड जाऊ द्यायचा हे हाताने, जागेजागी ठरवणं: काम तेच.

संगणकात ही गोष्ट पक्की केली एड कॅटमल आणि अल्वी रे स्मिथ यांनी, १९७७ च्या सुमारास, न्यूयॉर्क इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत. कॅटमल यांनी १९७४ च्या आपल्या प्रबंधात वक्र पृष्ठभागावर चित्र कसं गुंडाळायचं, म्हणजेच टेक्स्चर मॅपिंग, हे दाखवलंच होतं. आता लाल, हिरवा, निळा या तीन वाहिन्यांच्या जोडीला त्यांनी चौथी वाहिनी कायमची बसवली. पुढचा रंग गुणिले अल्फा, अधिक मागचा रंग गुणिले एक वजा अल्फा. एवढंच गणित, आणि त्या सूत्रातलं ग्रीक अक्षर वाहिनीला चिकटलं. १९८४ मध्ये लुकासफिल्मच्या थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी चित्रावर चित्र ठेवण्याच्या साऱ्या रीती एका निबंधात सूत्रबद्ध केल्या. या चौघांना ऑस्कर देणाऱ्या अकादमीने १९९६ मध्ये तांत्रिक पुरस्कार दिला. मोबाईलवरचा प्रत्येक स्टिकर, बातम्यांखाली सरकणारी प्रत्येक पट्टी याच गणितावर चालते. त्रिमितीय मटेरियलमधला नकाशा हा त्याच घराण्यातला. फरक इतकाच की इथे तो सपाट चित्रावर न राहता वस्तूच्या अंगावर चढतो आणि वस्तू फिरेल तसा तिच्याबरोबर फिरतो.

आता पान. या पुस्तकातला सर्वांत लांब भाग एका संत्र्याच्या पानावर खर्च झाला आहे आणि तो मी मुद्दाम लांब ठेवला. पान हातात घ्या. लांबट, दोन्ही टोकांना निमुळतं, वरून चकचकीत, खालून फिकं. कड सरळ वाटते, पण नखाने चाचपली तर बारीक दंतुर लागते. देठाला दोन्ही बाजूंनी अगदी अरुंद पंखासारखी पट्टी असते आणि जिथे देठ पात्याला मिळतो तिथे सांधा दिसतो. हा सांधा आणि ही पट्टी नकाशात उतरली नाही तर झाड लिंबूवर्गातलं वाटतच नाही. कुठलंही हिरवं झुडूप होऊन बसतं. सौंसरचा शेतकरी ते पडद्यावर बघून एका क्षणात मान हलवेल.

पान स्कॅनरवर पालथं घालून ६०० डीपीआयवर घेतलं तर आठ सेंटिमीटरच्या पानाला सुमारे १,९०० पिक्सेल लांबी मिळते. जवळच्या दृश्यालाही ती पुरते. स्कॅनर नसेल तर मोबाईल पुरे, पण फोटो दोन हवेत आणि दोन्हींत मोबाईल तसूभरही हलता कामा नये. पहिला समोरच्या मऊ उजेडात, तो रंगासाठी. दुसरा पानामागून उजेड सोडून, पान खिडकीच्या काचेला चिकटवून. या दुसऱ्या फोटोत मागचा भाग पांढराफेक होतो, पान गडद उमटतं, आणि तो उलटवला की नकाशाचा कच्चा खर्डा हाती येतो. शिवाय शिरांमधून कुठे उजेड जास्त झिरपतो तेही त्यातच नोंदलं जातं. ते पुढे दुसऱ्या कामी येतं.

खरी कसोटी कडेची. पान पांढऱ्या कागदावर ठेवून फोटो काढला आणि कापला की कडेवरच्या पिक्सेलांत पानाचा हिरवा आणि कागदाचा पांढरा मिसळलेले राहतात. झाडावर हजारो पानं बसली की प्रत्येक पानाला पांढुरकी किनार दिसते आणि सगळा पाला धुळकट, कातरकाम केल्यासारखा वाटतो. नवशिक्या मुलांच्या कामात हा दोष सर्वांत जास्त आढळतो आणि बहुतेक जण तो प्रकाशयोजनेत शोधत बसतात. उपाय नकाशात नाही, रंगाच्या चित्रात आहे. रंगाच्या चित्रातला हिरवा पानाच्या सीमेबाहेर आठ-दहा पिक्सेल पसरवून द्यायचा. दिसणार नाही तिथेही रंग भरायचा, म्हणजे कडेवरचा अर्धवट पिक्सेल शेजाऱ्याकडून घेताना हिरवाच घेईल. कापायचं काम फक्त नकाशाने करायचं. रंग आणि आकार ही दोन वेगळी कामं आहेत, हे ज्याला इथे समजलं त्याला पुढचा अर्धा विषय आपोआप समजतो.

आणखी एक. बागेतून पानं निवडून आणताना सगळी बिनडागी आणू नका. नागअळीने पोखरलेल्या पानावर रुपेरी वेडीवाकडी रेघ असते. लिंबावरच्या फुलपाखराची अळी पान कडेकडून कुरतडत शिरेपर्यंत जाते. असं एखादं कुरतडलेलं पान नकाशात घेतलं की ते चार त्रिकोणांच्या खर्चात झाडाला जिवंत करून जातं. कोवळी पालवी, जून पान, खाल्लेलं पान, पिवळं पडलेलं पान. एकाच चित्रात पाच-सहा पानं शेजारी मांडून हवं ते यूव्हीने, म्हणजे चित्राचा कुठला भाग पृष्ठभागावर येणार हे ठरवणाऱ्या मांडणीने, उचलायचं.

पांढरं म्हणजे काय, याचा मात्र दरवेळी खुलासा करून घ्यावा लागतो. त्रिमितीय सॉफ्टवेअरांपैकी ब्लेंडरमध्ये अल्फाच्या खोबणीत पांढरा म्हणजे भरीव. थ्रीडीएस मॅक्सच्या ओपॅसिटीतही तसंच. मायाच्या जुन्या लॅम्बर्ट मटेरियलमध्ये खोबणीचं नावच ट्रान्सपरन्सी आहे आणि तिथे पांढरा म्हणजे आरपार. म्हणजे तोच नकाशा तिथे उलटा करून घ्यावा लागतो. मॅक्सच्या जुन्या स्टँडर्ड मटेरियलची आणखी एक खोड: नकाशाने पान कापलं तरी अदृश्य भागावर चकाकी तशीच राहायची, जणू काचेवर पान चिकटवलंय. तीच प्रत स्पेक्युलरच्या खोबणीतही लावली की ती जाते.

नकाशाची फाईल वेगळी असेल तर ती रंग म्हणून वाचू द्यायची नाही. संगणक रंगाच्या चित्राला डोळ्यांच्या सोयीने वाकवून वाचतो. १२८ चा करडा आपल्या लेखी निम्मा असतो, पण एसआरजीबी समजून वाचला तर त्याचा ०.२२ च्या आसपास होतो आणि मऊ कडा अचानक झिजल्यासारख्या दिसतात. ब्लेंडरमध्ये त्या चित्राचं कलर स्पेस नॉन-कलर करायचं. जेपीजीत चौथी वाहिनीच नसते, त्यामुळे अल्फासकट चित्र ठेवायचं तर पीएनजी, टीजीए किंवा ईएक्सआर.

यंत्राच्या बाजूने पाहिलं तर पारदर्शक गोष्ट ही मोठी डोकेदुखी आहे. कोण पुढे आणि कोण मागे हे ठरवायला संगणक प्रत्येक पिक्सेलपाशी एकच खोली लक्षात ठेवतो. भरीव वस्तूंना ते पुरतं. अर्धवट पारदर्शक वस्तू मात्र मागून पुढे या क्रमाने रंगवाव्या लागतात, आणि हजारो पानं एकमेकांत घुसलेली असताना तो क्रम लागत नाही. मग मागची डहाळी पुढे आलेली दिसते. म्हणून पानांसाठी खेळांमध्ये बहुधा मधली वाट नाकारतात: ठराविक छटेच्या वर असेल ते भरीव, खाली असेल ते गायब. कड खरखरीत होते, पण क्रमाची कटकट संपते. दुसरा उपाय म्हणजे करड्या छटेच्या प्रमाणात पिक्सेल विखरून टाकणं. ब्लेंडरच्या ईव्ही या रेंडर इंजिनमध्ये याला आधी अल्फा हॅश्ड म्हणत. जुलै २०२४ च्या ४.२ आवृत्तीपासून डिदर्ड आणि ब्लेंडेड अशा दोनच पद्धती उरल्या. पानांना डिदर्ड, हे माझं ठाम मत आहे.

ब्लेंडरच्या दुसऱ्या, किरणांवर चालणाऱ्या सायकल्स इंजिनमध्ये क्रमाचा प्रश्न नाही, पण तिथे किरणाची शिदोरी मोजकी असते. एका किरणाने किती पारदर्शक पृष्ठभाग ओलांडायचे याची मर्यादा मुळात आठ असते. दाट संत्र्याच्या झाडात किरण आठ रिकामे चौकोन पार करून थकतो आणि तिथे काळा डाग पडतो. पाल्यात असे काळे ठिपके दिसले की पानाला दोष देऊ नका, लाइट पाथ्समध्ये ट्रान्सपरन्टचा आकडा वाढवा. आणि चौकोन पानाच्या आकाराजवळ कापून घ्या. चार त्रिकोण जास्त लागले तरी चालतील, रिकामी जागा जितकी कमी तितकं रेंडर लवकर.

दुरून झाड टकलं दिसणं हाही याच कुळातला रोग. लांबच्या वस्तूसाठी संगणक चित्राच्या छोट्या छोट्या प्रती वापरतो. प्रत लहान होताना पांढरा आणि काळा मिसळून करडा होतो, तो ठरलेल्या छटेच्या खाली गेला की पानच उडतं. इग्नासियो कास्टान्यो यांनी २०१० मध्ये, द विटनेस या खेळाचं काम चालू असताना, यावर साधा उतारा मांडला: प्रत्येक लहान प्रतीत पानाने व्यापलेलं क्षेत्र मूळ चित्राइतकंच राहील असा अल्फा वाढवून घ्यायचा. आज कितीतरी इंजिनांत ही सोय तयार मिळते.

हा नकाशा कुठे वापरू नये, तेही सांगायला हवं. काच, पाणी, काचेच्या बरणीतलं लोणचं यांना अल्फा लावू नका. अल्फा वस्तू किती आहे आणि किती नाही एवढंच सांगतो. काच मात्र असते, प्रकाश वाकवते आणि चमकतेही. तिच्यासाठी ट्रान्समिशन आणि १.५ च्या जवळपासचा वक्रीभवनांक. पानातून झिरपणारा पिवळसर उजेडही अल्फाचं काम नव्हे. तिथे ट्रान्सल्युसन्ट शेडर आणि मघाचा काचेवरचा फोटो उपयोगी पडतो. सकाळच्या तिरप्या उन्हात बाग पेटल्यासारखी दिसते ती यानेच.

संत्र्यापाशी थांबायचं कारण नाही. संत्री भरायची नायलॉनची जाळीदार पिशवी हा सलग जोडत जाणारा नकाशा शिकायला सर्वांत सोपा धडा आहे: एक घर नीट जोडलं की पोतंभर जाळी तयार. विणलेली बाज, रोपवाटिकेवरची हिरवी शेडनेट, बांबूचा तट्टा, यांच्या सावल्या जमिनीवर जाळी होऊन पडल्या पाहिजेत. सावली अख्ख्या चौकोनाची पडली तर नकाशा सावलीच्या हिशेबात घेतलेला नाही असं समजावं. आणि पिंपळ. सौंसरजवळच्या जामसावळीला हनुमानाची निजलेली मूर्ती पिंपळाखाली आहे. पिंपळाच्या पानाचं लांब शेपटीसारखं टोक दुरून सगळ्यात आधी नाहीसं होतं, म्हणून अल्फाच्या परीक्षेला याहून कठीण पान नाही. कुजून शिरांची जाळी उरलेलं पिंपळपान मुलं वहीत जपून ठेवतात. ते काळ्या कागदावर ठेवून स्कॅन करा. रंगवायचं काहीच उरत नाही. तो नकाशा निसर्गाने करूनच ठेवलेला असतो.

हे तंत्र आता जुनं झालं का, असं कुणी विचारेल. अनरियल इंजिन ५ मधल्या नॅनाइट या तंत्राला लाखो त्रिकोण पेलतात आणि तिथे पानं सरळ घडवलेली जास्त वेगाने चालतात, कारण रिकामी जागाच उरत नाही. खरं आहे. पण घडवलेल्या पानाची बाह्यरेषा येते कुठून? याच नकाशावरून. स्पीडट्री या झाडं उगवणाऱ्या सॉफ्टवेअरला २०१५ मध्ये अकादमीचा तांत्रिक पुरस्कार मिळाला. त्यातही पानं शेवटी कुणीतरी खऱ्या पानावरूनच आणून द्यावी लागतात. आणि साध्या मोबाईलवर चालणारा खेळ, कमी रॅमचा लॅपटॉप, वेबवर उघडणारं दृश्य यांचं पान अजून बराच काळ चौकोनावरच राहणार आहे.

ब्लेंडर फुकट आहे, आणि ते लोकांनी खुलं केलं आहे. २००२ मध्ये जगभरातल्या वापरणाऱ्यांनी सात आठवड्यांत एक लाख युरो जमवले, तेव्हा ब्लेंडरचे निर्माते टॉन रोसेंदाल यांना त्याचा सोर्स खुला करता आला. त्या उपकाराची फेड करायची असेल तर एकच मार्ग मला दिसतो. आंबिया बहाराची कोवळी पालवी जानेवारी-फेब्रुवारीत फुटते, मृग बहाराची जून-जुलैत. त्या दिवसांत बागेत जा, मालकाला विचारून दहा-बारा पानं आणा, या पुस्तकातल्या पहिल्या प्रकरणाप्रमाणे त्यांचा नकाशा करा आणि झाड पुरं झालं की ते सर्वांना वापरायला खुलं ठेवा. संत्रा झाल्यावर मोह घ्या, मग पळस, मग साग. हे काम सौंसर-पांढुर्ण्याच्या मुलांनीच करायला हवं, कारण ही झाडं त्यांनी पाहिलेली आहेत.